नाकात गेलेला अमोनिया

चूक घाईसाहेबांची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे बराच काळ ती दुसऱ्याच्याच नावावर हिंडणार आहे.

घाईसाहेब म्हणजे जंतूंवर पीएच.डी. करणारा, पाचव्या वर्षीही तिसऱ्याच प्रकरणात रुतून बसलेला एक विद्यार्थी. हे नाव त्यांना मीडिया-रूमच्या काकांनी दिलं आणि ते इतकं चपखल बसलं, की खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं. मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. पाणी, साखर, चार क्षार आणि घट्ट व्हायला आगर. ते शिजवायची खोली ती मीडिया-रूम आणि तिथले स्वयंपाकी काका. खोलीत एक तराजू, दोन ओटे, भिंतीला टेकून उभा असलेला माणसाच्या उंचीचा ऑटोक्लेव्ह, ज्याला काका ‘कुकर’ म्हणत, आणि दारावर काकांच्या अक्षरातली पाटी: ‘अमोनियम वेगळं उकळावं. गार झाल्यावर मिसळावं. कारण माहीत नसेल तर ऐकावं, माहीत असेल तर सांगत बसू नये.’

ही पाटी घाईसाहेबांनी पाच वर्षांत किमान हजारदा पाहिली होती. वाचली कधी नव्हती.

त्या दिवशी ते काकांच्या सुट्टीचा फायदा घेऊन स्वतःच मीडिया करायला उभे राहिले. क्षार विरघळले. आता पीएच सातवर आणायचा. त्यासाठी कॉस्टिक सोड्याचा एकेक थेंब सोडायचा, ढवळायचं, मीटरकडे बघायचं, मग पुढचा थेंब. घाईसाहेबांच्या एका कानाला फोन होता. त्यांनी ड्रॉपर दाबला तो दाबलाच. मीटरवर साडेनऊ आले, मग दहा. आम्ल घालून परत खाली आणता आलं असतं, पण आम्लाची बाटली कुलपात होती, किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस दोन मजले खाली. शेवटी फॉस्फेट पडणारच आहे, त्याने येईल जागेवर, असा विचार करून त्यांनी तो विषय मिटवला. मग अमोनियम क्लोराईड वेगळ्या बाटलीत उकळायचं, तर आणखी एक बाटली धुवायची आली. तेही त्यांनी त्याच चंबूत ओतलं आणि चंबू कुकरमध्ये ठेवून ते जेवायला गेले.

अल्कधर्मी पाण्यात अमोनियम घालून ते उकळलं, की अमोनिया वायू होऊन निघून जातो. हे दहावीच्या पुस्तकात असतं. पण दहावी होऊन घाईसाहेबांना बरीच वर्षं झाली होती.

काका अर्ध्याच दिवसाच्या सुट्टीवर होते. दुपारी येऊन त्यांनी कुकर उघडला आणि दोन पावलं मागे सरले. डोळ्यांतून पाणी आलं.

“कोणाची बाटली?”

“माझी,” घाईसाहेब म्हणाले.

“आत काय मेलंय?”

“काही नाही काका. वाफ असेल.”

काकांनी नाक पुसलं आणि काही बोलले नाहीत. न बोलणं ही काकांची शिवी होती. ज्याला ते तोंडाने शिव्या देत, त्याच्याबद्दल त्यांना थोडी तरी आशा असे.

हा मीडिया चपट्या बशांत ओतून गोठला, की त्या प्लेटा. आता या प्लेटांवर काय व्हायला हवं होतं, ते सांगतो. घाईसाहेबांचा जंतू हवेतला नायट्रोजन धरून आपलं अन्न करतो. पण ते काम त्याला जिवावर येतं. ताकदीचा चुराडा होतो. म्हणून आयता अमोनिया मिळाला, की तो ती सगळी जनुकं बंद करतो आणि आयतं खात बसतो. घाईसाहेबांचे मार्गदर्शक म्हणजे सर. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या जंतूला अशी शेपटी जोडलेली होती, की ही जनुकं चालू असली तर त्याचा ठिपका प्लेटवर निळा दिसे आणि बंद असली तर पांढरा. अमोनियाच्या प्लेटवर सगळे पांढरे. ज्याचं बटण बिघडलंय असा एखादा म्यूटंट जंतू सापडला, तर तो मात्र अमोनियातही निळा. असा जंतू शेतात फुकट खत करत राहील, म्हणून तो निळा ठिपका शोधण्यात सरांची बारा वर्षं आणि चार विद्यार्थी खर्ची पडले होते.

घाईसाहेबांनी आपले संशयित जंतू नव्या प्लेटांवर लावले. प्लेटा कमी पडल्या, म्हणून तुलनेसाठीचा साधा जंतू त्यांनी काकांच्या गेल्या आठवड्याच्या प्लेटेवर लावला. तीन दिवसांनी काकांच्या प्लेटेवर पांढरं आणि नव्या प्लेटांवर निळंशार.

सरांनी ती प्लेट दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेली. सरांनी गेली नऊ वर्षं प्लेट हातात धरलेली नव्हती. धरली ती उलटी. कोणी सांगितलं नाही.

“पोरा,” सर म्हणाले, “खताचे कारखाने बंद पडतील.”

कारखाने सुरूच राहिले, पण सर सुसाट सुटले. महिन्याच्या आत परदेशातल्या परिषदेला निबंधाचा गोषवारा गेला. संस्थेच्या फलकावर फोटो लागला: मध्ये सर, हातात प्लेट, मागे अर्धे कापलेले घाईसाहेब. पाहुणे आले की सर कपाटातला कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालत, आणि पाहुणे गेले की तो परत टांगत. त्याच्या खिशात अजून धोब्याची चिठ्ठी होती.

गोषवारा मंजूर झाला आणि परिषदेने आकडे मागवले. मग प्रयोग पुन्हा करणं आलं. या वेळी प्लेटा काकांनी केल्या, पाटीबरहुकूम. सगळे ठिपके पांढरे. दुसऱ्यांदा, पांढरे. तिसऱ्यांदा सर स्वतः आले, डब्यातून प्लेटा काढून एकेक बघितल्या आणि म्हणाले, “जंतू तोच. करणारा तोच. मग बदललं काय?”

 उत्तर घाईसाहेबांना त्या क्षणी कळलं होतं. अगदी दहावीच्या पुस्तकातल्या पानासकट. पण सरांचा चेहरा, फलकावरचा फोटो आणि पाचवं वर्ष हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि ते प्लेटा परत डब्यात भरू लागले.

“प्लेटा बदलल्या,” सर स्वतःच म्हणाले. “म्हाताऱ्याचा हात चालेनासा झालाय. काहीतरी भलतं घालतोय.”

संध्याकाळी काकांना मेमो आला. माध्यम बनवण्यात वारंवार निष्काळजीपणा झाल्याने संशोधनाचे नुकसान झाले आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवापुस्तिकेत तशी नोंद घेण्यात येईल. काकांच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते.

इथे काकांबद्दल थोडं. काका विसाव्या वर्षी बाटल्या धुवायला लागले. शिक्षण नववी. आधीच्या मीडियावाल्याला दिसेनासं झालं, तेव्हा तो तोंडाने सांगायचा आणि काका करायचे. तो गेला तेव्हा सगळं काकांच्या हातात होतं. एकतीस वर्षांत त्यांनी किती प्लेटा ओतल्या याचा कोणी हिशोब ठेवला नाही, पण एकाही प्लेटेवर बुरशी आली म्हणून कोणी कधी परत आणली नव्हती. एवढा एकच अभिमान त्यांना होता आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता. बाकी जगाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. संचालकांबद्दल वाईट, विद्यार्थ्यांबद्दल त्याहून वाईट, सरांबद्दल त्यांच्याकडे मतच नव्हतं. “त्या कोटाबद्दल विचारा,” म्हणत. जंतूंबद्दल मात्र ते आदराने बोलत.

नव्या मुलांना ते एकदाच सगळं समजावून सांगत, हात न थांबवता. “जंतूच्या आत तिघं बसलेत, तीन प्रथिनं. जंतू अमोनिया मोजत नाही, हे आधी डोक्यात घ्या. अमोनियापासून पोटात ग्लुटामाईन तयार होतं, तो ते मोजतो. म्हणजे दुकानात किती माल आलाय ते नाही, ताटात किती पडलं ते बघतो. पहिला फक्त हेच मोजतो. कमी पडलं, की तो दुसऱ्याला खूण करतो. दुसरा बाजूला होतो आणि तिसऱ्याच्या टोपीला शिक्का लागतो. शिक्क्याचा माणूस जनुकांपाशी जाऊन उभा राहिला, की कारखाना चालू. पोट भरलं, की शिक्का पुसला, कारखाना बंद. तिघांत काम होतं. तुमच्या विभागात कागदावर एक सही आणायला अकरा लागतात.”

मुलं हसत. काका हसत नसत.

“आणि पोट भरलेलं असताना ‘काम चालू आहे’ अशी पाटी तो लावत नाही,” ते शेवटी म्हणत आणि नेमके वरच्या मजल्याकडे बघत.

मेमो वाचून काकांनी चष्मा काढला, घडी घातली आणि कागद तराजूखाली सरकवला. घाईसाहेब दारातच उभे होते.

“काका, तुम्ही खुलाशात काय लिहिणार?”

“मीडिया बरोबर होता, असं.”

“आणि… आधीचा?”

“आधीचा मी केलाच नव्हता.” काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. “त्या दिवशी तुमचा अमोनिया माझ्या नाकात गेला, घाईसाहेब. प्लेटेत जायला काही उरलाच नव्हता. निळं दिसणार नाही तर काय दिसणार?”

म्हणजे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मग तुम्ही सरांना सांगितलं का नाही?”

“मला कोणी विचारलं? तुमच्या सरांनी मला शेवटचं काही विचारलं ते नऊ वर्षांपूर्वी. जिना कुठे आहे म्हणून.”

“माझं नाव लिहिणार का?”

“ज्याचं नाव त्याने लिहावं. मला बाटल्या धुवायच्यात.”

कुठलाही धडधाकट माणूस या उत्तरावर शरमेने सरळ सरांकडे गेला असता. घाईसाहेब दोन दिवस विचार करत बसले आणि रविवारी सकाळी काकांच्या घरी गेले. विचार असा, की खुलाशात ‘क्षारांची जुनी बाटली’ असं काहीतरी मोघम लिहायला काकांना गळ घालावी. म्हणजे सापही मरणार नाही, काठीचा तर प्रश्नच नाही.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर काकू, भोवती लोकांच्या पडद्यांचा ढीग. काका साबण आणायला गेले होते.

“घाईसाहेब का तू?” काकूंनी पाय न थांबवता विचारलं. “नाव ऐकून होते. बस. त्या पडद्यावर नको.”

घाईसाहेब उभेच राहिले.

“काकांशी जरा खुलाशाबद्दल बोलायचं होतं.”

“काय बोलणार? ते घरात मिठाचा डबा उघडला तरी चमचा सपाट करून घेतात. लग्नानंतर पहिलं भांडण आमचं त्यावरून झालं. त्यांच्या त्या जंतूंना माझ्याआधी आणि वेळेवर जेवायला मिळतं.” यंत्र थांबलं. “त्यांच्याकडून भलतं काही पडलं, असं तुझे सर म्हणतात. तू काय म्हणतोस?”

घाईसाहेब जवळच्या एका पडद्याची घडी घालू लागले.

“असू दे,” काकू म्हणाल्या. “माणूस साधा आहे म्हणून खपवून घेईल, असं समजू नकोस. साधा नाही तो. गर्विष्ठ आहे. पण गर्व करायला त्यांच्याकडे ती एक पुस्तिकाच आहे, आणि ती कोरी आहे. तिच्यावर खरकटं सांडून त्यांना घरी पाठवलंत, तर उरलेलं आयुष्य ते मला त्याच्याबद्दल एक शब्द बोलणार नाहीत. आणि मला ते ऐकत बसावं लागेल.”

काका साबण घेऊन आले तेव्हा पाहुणा जिन्यात होता. मोघम काही लिहिण्याबद्दल तो बोललाच नाही. हे धैर्य नव्हतं. काकूंपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, इतकंच.

सोमवारी घाईसाहेब मीडिया-रूममध्ये गेले आणि म्हणाले, “काका, सरांना तोंडी सांगून पटणार नाही. ते म्हणतील म्हातारा आणि तू मिळून सांगताय.”

“म्हणतीलच.”

“तुमच्या कुकरमधून काहीच जाणार नाही, असा प्रयोग हवा.”

काकांनी पहिल्यांदाच हातातला ब्रश खाली ठेवला. “जंतू मोजतो काय?”

“ग्लुटामाईन.”

“मग अमोनियाच्या मागे कशाला लागताय? सरळ ताटातच वाढा. ग्लुटामाईन उकळायचं नसतंच, नासतं. गाळणीतून गाळून घालायचं. कुकरचा संबंध नाही, माझा हात नाही. बटण खरंच मोडलेलं असेल, तर पोट भरलं तरी निळा राहील. धड असेल तर पांढरा पडेल. शेजारी साधा जंतू लावा. त्याच प्लेटेवर. त्याच, घाईसाहेब.”

घाईसाहेबांनी कपाटातून ग्लुटामाईनची बाटली काढली.

तिच्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख होती आणि आत दगड. काका हात पुसून शेजारच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या मॅडम कोणाला टाचणीही उसनी न देण्याबद्दल प्रसिद्ध होत्या, विशेषतः सरांच्या माणसांना. काका पाच मिनिटांत कागदाची पुडी घेऊन आले.

“दोन ग्रॅम. माझ्या शब्दावर दिलंय. परत करायचंय.”

“मी करतो, काका.”

“तुम्हीच करा. मी नसेन.”

साध्या आगराच्या प्लेटासुद्धा घाईसाहेबांनीच ओतल्या. काका भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात खिशात घालून उभे. पीएचच्या वेळी थेंब पडायचा आणि घाईसाहेब वळून बघायचे. काका छताकडे बघायचे. चार तास गेले. एरवी हे काम काकांनी पाऊण तासात उरकलं असतं, शीळ घालत.

निम्म्या प्लेटांत ग्लुटामाईन, निम्म्यांत काहीच नाही. आणि शीतगृहात मागे पडलेली, त्या पहिल्या चंबूतली एक प्लेट घाईसाहेबांनी शोधून काढली. तिच्यावर फक्त साधा जंतू लावला. हे काकांनी सुचवलं नव्हतं. बिचाऱ्याला पाच वर्षांत सुचलेली ती एकमेव चांगली गोष्ट होती आणि ती त्याच्याच मुळावर येणार होती.

चौथ्या दिवशी रिकाम्या प्लेटांवर दोन्ही जंतू निळे. ग्लुटामाईनवर दोन्ही पांढरे, शेजारी शेजारी, ओळखू येऊ नयेत असे. आणि त्या पहिल्या प्लेटेवर साधा जंतू निळाशार. म्यूटंट नव्हताच. बटण धड होतं. जंतूला खायला मिळालं नव्हतं, म्हणून तो कामाला लागला होता.

खुलाशाचा आठवा दिवस होता. घाईसाहेब सगळ्या प्लेटा ट्रेमध्ये घालून सरांच्या खोलीत गेले. सर परिषदेचं भाषण लिहीत होते.

“सर, पहिला मीडिया मी केला होता. कॉस्टिक जास्त पडलं होतं, आणि अमोनियम मी त्यातच उकळलं. अमोनिया उडून गेला. काकांच्या प्लेटा बरोबर आहेत.”

सरांनी प्लेटा बघितल्या. एक, दोन, तीन. शीतगृहातली प्लेट त्यांनी दोनदा बघितली. नायट्रोजनवर बारा वर्षं घालवलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. सर मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर त्यांना माफ करता आलं असतं.

“हे कोणाकोणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“मला. काकांना.”

“शेजारच्या लॅबला?”

“नाही.”

सरांनी भाषणाचं पहिलं पान उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, “मला पहिल्यापासून शंका होतीच. एवढं निळं स्वच्छ येत नाही.” त्यांनी प्लेट परत ट्रेमध्ये ठेवली. “भाषणाचा विषय बदलता येईल. ग्लुटामाईनला जंतू कसा प्रतिसाद देतो, हे सुंदर दिसतंय इथे. याचे फोटो काढ. तुझी ती बाटली, कॉस्टिक, हे सगळं कुठे लिहायची गरज नाही.”

“आणि मेमो?”

“कुठला मेमो?” सर म्हणाले. मग आठवल्यासारखं करून, “हां, तो. मागे घेऊ. तांत्रिक कारणास्तव.”

“सर, काकांना एकदा खाली येऊन सांगितलंत तर…”

“तू निघ आता,” सर म्हणाले. “आणि दार लावून घे.”

दुपारी ऑफिसातून कागद आला: सदर मेमो तांत्रिक कारणास्तव रद्द समजावा. काकांनी तो वाचला आणि उलटून मागची कोरी बाजू बघितली. तिच्यावर काही लिहिलेलं नाही याची खात्री झाल्यावर तो तराजूखाली, पहिल्या कागदावर ठेवला.

“तुम्ही गेलात वर?” त्यांनी विचारलं.

“गेलो.”

“सांगितलंत?”

“सगळं.”

“चुकून बरं वागलात, घाईसाहेब,” काका म्हणाले आणि बाटल्यांकडे वळले. घाईसाहेबांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. पाच वर्षांत काकांनी काढलेला तो सर्वांत चांगला उद्गार होता.

सहा आठवड्यांनी काका निवृत्त झाले. सेवापुस्तिका कोरी. सर परिषदेला गेलेले असल्यामुळे निरोपाचं भाषण संचालकांनी केलं आणि त्यात काकांच्या खात्याचं नाव चुकवलं. काका शेवटपर्यंत उभे राहिले, पुस्तिकेची प्रत काखेत धरून, आणि कोणाचाही हात हातात न घेता घरी गेले. आता मीडिया तयार पुडीतून येतो. बुरशीही येते.

शेजारच्या मॅडम परवा घाईसाहेबांना जिन्यात भेटल्या.

“माझे दोन ग्रॅम?”

“येतंय मॅडम. मागणीपत्र दिलंय.”

“काकांच्या शब्दावर दिलं होतं मी. तुझ्या नव्हे.”

“माहीत आहे, मॅडम.”

मागणीपत्र खरोखरच दिलेलं आहे. ते चार महिने सरांच्या टेबलावर पडून आहे. त्यावर कारणाचा रकाना आहे, आणि त्यात घाईसाहेबांनी खरं कारण, कॉस्टिकसकट, लिहिलं आहे. सर बाकीचे सगळे कागद सही करून खाली पाठवतात.